सम्राज्ञीची काळी बिअर : लंडनच्या हरवलेल्या चवीचा शोध

१/
२० ऑगस्ट १७९६. इंग्लिश चित्रकार जोसेफ फॅरिंग्टन यांनी आपल्या रोजनिशीत एका पेल्याची नोंद केली. लिंडो नावाच्या गृहस्थांनी थ्रेल यांच्या ब्रुअरीतून आणवलेली पोर्टर बिअर त्यांनी चाखली होती. ती रशियाच्या सम्राज्ञीसाठी खास तयार केलेली असून सात वर्षे टिकेल, असे लिंडो यांनी त्यांना सांगितले. ही गडद, कडक बिअर पुढे आपल्याच गावातून जवळजवळ नाहीशी झाली. पावणेदोनशे वर्षांनी काही हौशी माणसांनी ती आपापल्या स्वयंपाकघरात पुन्हा रांधली आणि एकमेकांना चाखायला दिली. त्या प्रवासाची ही कथा. #थ्रेड #इतिहास

२/
फॅरिंग्टन हे निसर्गचित्रकार आणि रॉयल अकॅडमीचे सदस्य. १७९३ पासून १८२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी रोजनिशी लिहिली. ब्रुअरीच्या वह्यांत किती धान्य घेतले, किती पिंपे भरली, किती कर दिला हे सापडते. पिणाऱ्याची नोंद मात्र दुर्मीळ असते. म्हणून या दोन-तीन वाक्यांना मोल आहे. पण त्यांतून गिऱ्हाईक कळते, टिकाऊपणा कळतो. चव कळत नाही. या साऱ्या कथेतली अडचण तीच आहे.

३/
ज्या थ्रेल यांचे नाव फॅरिंग्टन घेतात, ते हेन्री थ्रेल १७८१ मध्येच वारले होते. लंडनच्या साउथवार्क भागातली त्यांची अँकर ब्रुअरी त्याच वर्षी १,३५,००० पौंडांना विकली गेली. थ्रेल यांचे स्नेही आणि मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक म्हणून कोशकार सॅम्युअल जॉन्सन या व्यवहारात होते. नवे मालक झाले बार्कले कुटुंब आणि ब्रुअरीचे जुने व्यवस्थापक पर्किन्स. तरीही पंधरा वर्षांनंतर पिणारा म्हणतो, ‘थ्रेल यांची बिअर’. दुकान विकले जाते, पण गल्लीतले लोक जुन्या मालकाचेच नाव घेत राहतात, तसाच हा प्रकार.

४/
पोर्टर म्हणजे काय? अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये रूढ झालेली तपकिरी, भरपूर हॉप्स घातलेली आणि मुरवलेली बिअर. पोर्टर या शब्दाचा सरळ अर्थ हमाल. थेम्स नदीवरच्या नावा रिकाम्या करणारे आणि गल्ल्याबोळांतून ओझी वाहणारे हजारो हमाल ती पीत, म्हणून तिला हे नाव पडले. अंगमेहनत करणाऱ्यांना ती पेय होती आणि पोटाला आधारही होती. हमालांच्या नावाची हीच बिअर शतक संपण्याआधी रशियाच्या सम्राज्ञीच्या दरबारापर्यंत पोचली.

५/
पोर्टरच्या जन्माची एक लाडकी गोष्ट आजही सांगितली जाते. १७२२ मध्ये राल्फ हारवुड नावाच्या व्यावसायिकाने तीन पिंपांतल्या बिअरचे मिश्रण एकाच पिंपात आणले आणि पोर्टर जन्मली, अशी ती गोष्ट. ती प्रसिद्धी पावली १८०२ मध्ये छापलेल्या जॉन फेल्टम यांच्या लंडनविषयक पुस्तकामुळे, म्हणजे घटनेनंतर ८० वर्षांनी. त्याआधी १७६० मध्ये ‘ओबेडाया पाउंडेज’ या टोपणनावाने एका लंडनच्या वृत्तपत्रात पत्र आले होते. त्यात कर, किमती आणि बिअर अधिक काळ मुरवण्याची पद्धत यांतून पोर्टर हळूहळू कशी घडली हे सांगितले आहे. एक नायक आणि एक साल असलेली जन्मकथा नेहमी तपासून घ्यावी.

६/
कृती थोडक्यात अशी. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे आणि भट्टीवर वाळवायचे. हे झाले माल्ट. ते भरडून गरम पाण्यात मुरवले की दाण्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. हा गोड काढा हॉप्सच्या फुलांसह उकळायचा, निववायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. पोर्टरचे वैशिष्ट्य माल्टमध्ये होते. लाकडाच्या जाळावर दाणा कडक भाजून तपकिरी केला जाई. त्यामुळे रंग गडद होई, चव खरपूस होई आणि ताज्या बिअरला धुराचा उग्र वास येई. तो उग्रपणा जायला महिने लागत. म्हणून मुरवणे हा चैनीचा भाग नव्हता, कृतीचाच भाग होता.

७/
मुरवायचे तर साठवायला जागा हवी आणि पैसा अडकवून ठेवण्याची ऐपत हवी. छोट्या गुत्तेवाल्याला हे परवडणारे नव्हते. त्यामुळे पोर्टरचा धंदा मोजक्या धनाढ्य ब्रुअरींच्या हाती एकवटला. व्हिटब्रेड, थ्रेल, ट्रूमन, म्यू ही नावे लंडनच्या औद्योगिक इतिहासातली मोठी नावे झाली. लाकडी पट्ट्यांना लोखंडी कडी ठोकून त्यांनी घराएवढे उंच हौद बांधले. हौद जेवढा मोठा तेवढी ब्रुअरीची शान, अशी स्पर्धाच लागली. त्या शानेची किंमत इतरांनी मोजली.

८/
१७ ऑक्टोबर १८१४. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या म्यू यांच्या ब्रुअरीत २२ फूट उंचीच्या हौदाचे एक लोखंडी कडे निसटले. असे अधूनमधून होतच असे, म्हणून कुणी घाई केली नाही. तासाभराने हौद फुटला. त्यात दहा महिने मुरलेली पोर्टर होती, साडेतीन हजारांहून अधिक पिंपे, म्हणजे सुमारे ५,८०,००० लिटर. लोंढा भिंत फोडून शेजारच्या गरीब वस्तीत शिरला. एका तळघरात आयरिश कुटुंब आपल्या मृत बाळाजवळ बसले होते. तिथे पाच जण बुडाले. एकूण आठ बळी गेले, बहुतेक स्त्रिया आणि मुले. चौकशीत हा निव्वळ अपघात ठरला. वाया गेलेल्या बिअरवरचा कर मात्र कंपनीला परत मिळाला.

९/
याच सुमारास एका काचेच्या नळीसारख्या साध्या दिसणाऱ्या उपकरणाने पोर्टरचा स्वभाव बदलला. ते उपकरण म्हणजे हायड्रोमीटर. काढ्यात किती साखर उतरली आहे हे त्यावरून कळते. जॉन रिचर्डसन यांनी १७८४ मध्ये ब्रुअरीतल्या मोजमापांवर पुस्तक लिहिले आणि मोजणी सर्वमान्य झाली. मोजल्यावर व्यावसायिकांच्या लक्षात आले की स्वस्त वाटणारे तपकिरी माल्ट फिक्या माल्टपेक्षा बरीच कमी साखर देते. हिशेब उलटा पडला. फिके माल्ट वाढले, तपकिरी घटले आणि बिअरचा रंगही उतरू लागला.

१०/
रंग उतरला की गिऱ्हाईक कुरकुरते. मग जळक्या साखरेने रंग आणण्याची युक्ती आली. सरकारने १८११ मध्ये तिला परवानगी दिली आणि १८१६ मध्ये ती काढूनही घेतली. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी कॉफी भाजतात तशा फिरत्या लोखंडी पिंपात माल्ट काळे होईपर्यंत भाजण्याचे पेटंट घेतले. या काळ्या माल्टची चिमूट पुरे होई. आज काळ्या बिअरमध्ये कॉफीची आणि कडू चॉकलेटची जी चव लोक ओळखतात, तिची वाट इथून सुरू होते.

११/
आता फॅरिंग्टन यांच्या पेल्याकडे पुन्हा पाहावे. तो १७९६ चा आहे, काळ्या माल्टच्या २१ वर्षे आधीचा. म्हणजे सम्राज्ञीची बिअर आजच्या काजळासारख्या काळ्या स्टाउटसारखी नसणार. तिचा पाया तपकिरी माल्टचा, रंग गडद तपकिरी आणि खरपूसपणा वेगळ्या जातीचा असणार. जुन्या नावावरून जुनी चव गृहीत धरली की अशी चूक होते. नाव दोन शतके तेच राहिले. नावाखालचा पदार्थ मात्र बदलत गेला.

१२/
‘स्टाउट’ या शब्दाचेही असेच झाले. मुळात त्याचा अर्थ दणकट, कडक. रंगाशी त्याचा संबंध नव्हता. अठराव्या शतकात फिकी स्टाउटही असे. सर्वांत कडक पोर्टरला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणता म्हणता शेष राहिला स्टाउट. कडकपणा मोजतात तो काढ्याच्या मूळ घनतेवरून. पाणी १००० मानले तर एकोणिसाव्या शतकातल्या साध्या पोर्टरचा काढा साधारण १०५५ ते १०६० भरे. निर्यातीच्या ‘इम्पिरियल’ स्टाउटचा ११०० च्या आसपास, कधी त्याहून वर जाई. म्हणजे आंबल्यावर सुमारे १० टक्के मद्यार्क.

१३/
इतकी कडक का? बाल्टिक समुद्राच्या थंडीत गोठू नये म्हणून, असे उत्तर अनेकदा दिले जाते. ते पटणारे नाही. १० टक्के मद्यार्काची बिअर शून्याखाली चारेक अंशांवर गोठू लागते. रशियातल्या हिवाळ्यापुढे हा फरक नगण्य. शिवाय हिवाळ्यात तिथली बंदरेच गोठत, त्यामुळे जहाजे बर्फ वितळल्यावरच जात. खरे कारण अधिक साधे आहे. कडक आणि भरपूर हॉप्सची बिअर टिकते, लांबचा प्रवास सोसते, आणि श्रीमंत गिऱ्हाईक तिची किंमत देते.

१४/
या व्यापाराचा एक पुरावा समुद्राच्या तळाशी सापडला. ए. ले कॉक ही कंपनी लंडनहून बाटल्या भरून रशियाला स्टाउट पाठवत असे. १८६९ मध्ये ‘ओलिव्हा’ नावाचे जहाज बाल्टिक समुद्रात बुडाले. १९७४ मध्ये नॉर्वेच्या पाणबुड्यांनी त्यातल्या बाटल्या वर काढल्या, त्यांवर ‘ए. ले कॉक’ हे नाव होते. कंपनीने १९१२ मध्ये तार्तू येथे, म्हणजे आजच्या एस्टोनियात, ब्रुअरी विकत घेतली आणि स्टाउट तिथेच करायला घेतली. साम्राज्य बुडाले तरी ते नाव एस्टोनियात आजही आहे.

१५/
हीच काळी बिअर मुंबई बंदरातही उतरत होती. भारतात पाठवलेल्या बिअरचा विषय निघाला की ‘इंडिया पेल एल’चेच नाव निघते. ती प्रामुख्याने अधिकारी आणि गोऱ्या व्यापाऱ्यांची. साध्या गोऱ्या शिपायांसाठी पोर्टरची पिंपे येत, आणि तीही मोठ्या प्रमाणात. बार्कले पर्किन्सच्या वह्यांत ‘ईस्ट इंडिया’ पोर्टरची वेगळी नोंद आढळते. तिच्यात हॉप्स नेहमीपेक्षा जास्त घातलेले असत. उष्ण समुद्रातल्या काही महिन्यांच्या प्रवासात बिअर आंबू नये यासाठी तो बंदोबस्त.

१६/
मुरलेल्या बिअरची ती खास चव येई कुठून? उत्तर मिळाले कोपनहेगनला. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवले. त्याच प्रयोगशाळेतल्या निल्स येल्टे क्लॉसेन यांनी १९०४ मध्ये दाखवले की इंग्लिश मुरलेल्या बिअरमध्ये मुख्य यीस्टनंतर आणखी एक यीस्ट सावकाश काम करते. पिंपाच्या लाकडात ते वस्ती करून असते. त्याला नाव दिले ब्रेटॅनोमायसीस, म्हणजे ब्रिटनची बुरशी.

१७/
या यीस्टचा वास पहिल्यांदा घेणारा दचकतो. ओले चामडे, घोड्याचे खोगीर, वाळलेले गवत अशी त्याची वर्णने केली जातात. आज बहुतेक ब्रुअरींत ते शिरले की गहजब होतो. क्लॉसेन यांचे म्हणणे उलटे होते: हा दोष नव्हे, इंग्लिश बिअरचे इंग्लिशपण यातच आहे. लोणचे मुरते तेव्हा फोडीचा करकरीतपणा जातो आणि दुसरेच काही तरी येते. ते दुसरेच काही तरी ज्याला हवे असते, त्याला ताजे लोणचे अपुरे वाटते. लंडनच्या जुन्या गिऱ्हाइकाचे तसेच होते.

१८/
मग ही चव गेली कशी? पहिला धक्का आवडीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांना ताजी, सौम्य आणि फिकी बिअर रुचू लागली. हौद मोडीत निघाले. दुसरा धक्का होता कराचा आणि तिसरा युद्धाचा. कराची कथा नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यात घरी बिअर करणाऱ्यांचे नशीब गुंतलेले आहे.

१९/
घरची बिअर ही इंग्लंडमध्ये कित्येक शतके घराघरांतली, मुख्यतः बायकांच्या हातची गोष्ट होती. १८२१-२२ मध्ये विल्यम कॉबेट यांनी ‘कॉटेज इकॉनॉमी’ लिहिले. मजूर कुटुंबाने पावाइतकीच बिअरही घरी करावी, असा त्यांचा आग्रह होता. माल्ट आणि हॉप्स यांवरच्या करांनी गरिबांच्या चुलीवरची बिअर हिरावली आणि त्यांच्या हाती चहाची किटली दिली, अशी त्यांची तक्रार होती. कॉबेट यांचा चहाद्वेष टोकाचा होता. पण कराने स्वयंपाकघर बदलते, हे त्यांचे निरीक्षण खरे होते.

२०/
१८८० मध्ये पंतप्रधान आणि अर्थमंत्री अशी दोन्ही पदे सांभाळणाऱ्या ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा जुना कर रद्द केला आणि तो बिअरच्या काढ्यावर, त्याच्या घनतेनुसार, लावला. व्यावसायिकांना मोकळीक मिळाली. घरच्या बिअरपुढे मात्र पेच उभा राहिला. पूर्वी कर माल्टमध्येच वसूल झालेला असे, त्यामुळे चुलीवर काय शिजते याची सरकारला फिकीर नव्हती. आता काढ्यावर कर म्हणजे कोण, कुठे, किती काढा उकळतो हे सरकारला ठाऊक हवे. घरी बिअर करायला परवाना लागू लागला. परवाना आला आणि परंपरेचा धागा झिजत गेला.

२१/
पहिल्या महायुद्धात धान्य पावासाठी राखणे भाग पडले. सरकारने बिअरचे उत्पादन आणि तिची घनता दोन्ही खाली आणली. युद्धापूर्वी ब्रिटिश बिअरची सरासरी मूळ घनता १०५० च्या थोडी वर होती. १९१८ पर्यंत ती १०३० च्या आसपास आली. युद्ध संपले, कर मात्र चढेच राहिले, आणि कडकपणा पूर्वपदाला कधीच आला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमधून साधी पोर्टर जवळजवळ नाहीशी झाली. हमालांची बिअर तिच्या जन्मगावी संपली.

२२/
एक पणती तेवत राहिली. साउथवार्कची जुनी रशियन स्टाउट बार्कले पर्किन्स थोड्या प्रमाणात करत राहिले. १९५५ मध्ये ते करेज या कंपनीत विलीन झाले आणि ‘इम्पिरियल रशियन स्टाउट’ करेजच्या नावाने छोट्या बाटल्यांत येत राहिली. बाकी जुन्या बिअर उरल्या त्या ब्रुअरींच्या हिशेबवह्यांत. अमुक इतके तपकिरी माल्ट, तमुक पौंड हॉप्स, अमुक घनता. आकडे होते, पण त्यांची चव सांगू शकणारे कुणी हयात नव्हते.

२३/
एप्रिल १९६३. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी अर्थसंकल्प मांडताना घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढून टाकली. स्वतःच्या घरासाठी हवी तेवढी बिअर करा, परवाना नको, कर नको. एकच अट उरली: विकायची नाही. ८३ वर्षांचा अडसर निघाला आणि गावोगावी हौशी मंडळे उभी राहिली.

२४/
‘विकायची नाही’ या अटीचा परिणाम मोठा होता. ज्याची बिअर विकत घेणारे कुणी नाही, त्याला ती चांगली झाली की बिघडली हे सांगणार कोण? बाजारभाव नाही, गिऱ्हाईक नाही. उरतो तो बाटली घेऊन शेजारी बसलेला दुसरा होमब्रूअर. त्याची जीभ हाच निवाडा आणि त्याचे खरे बोलणे हाच मोबदला. हौशी बिअरची सारी प्रगती या देवाणघेवाणीवर उभी राहिली.

२५/
१९७० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम लंडनच्या साउथॉल भागात असेच एक मंडळ सुरू झाले: डरडन पार्क बिअर सर्कल. साउथॉल आज पंजाबी वस्तीसाठी जगभर ओळखले जाते. डॉ. जॉन हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक वेगळा छंद धरला. त्या काळच्या बिअरची नक्कल करण्याऐवजी त्यांनी जुनी पुस्तके आणि ब्रुअरींच्या वह्या उघडल्या आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या कृती पुन्हा करून पाहायला घेतल्या.

२६/
शेकडो पिंपांच्या कृतीचे गणित त्यांनी एका गॅलनवर, म्हणजे साडेचार लिटरवर आणले. १९७६ मध्ये या कृतींचे पुस्तक निघाले: ‘ओल्ड ब्रिटिश बिअर्स अँड हाउ टू मेक देम’. आकाराने छोटे, पण विद्यापीठांतल्या इतिहासकारांनी न केलेले काम त्यात होते. इतिहासकार वही वाचतो. या मंडळींनी ती शिजवली.

२७/
शिजवताना अडचण आली ती माल्टची. जुने तपकिरी माल्ट बाजारात नव्हते. त्या नावाने जे मिळे ते वेगळे होते; त्यातली साखर करणारी विकरे भाजण्यात मेलेली असत, तर अठराव्या शतकात काही कृतींत केवळ तपकिरी माल्टवर बिअर होई. मग फिके माल्ट घरच्या ओव्हनमध्ये पातळ थर पसरून, टप्प्याटप्प्याने तापमान वाढवत भाजायचे. मधूनमधून दाणा आडवा कापून आतल्या पिठाचा रंग पाहायचा. शेंगदाणे भाजताना घरातली जाणती बाई एक दाणा चोळून बघते, तेच तंत्र.

२८/
पुढची अडचण धीराची. कडक बिअर बाटलीत भरून महिनोन्‌महिने, कधी वर्षभर विसरून जायची. घाईने उघडली तर ती उग्र आणि आडमुठी लागे, आणि चूक कृतीची की वेळेची हेच कळत नसे. जुन्या कृती आजच्या जिभेला रुचणार नाहीत हा समज अशा अर्धवट मुरलेल्या पेल्यांवरही पोसला गेला असणार. मुदत पाळल्यावर त्या बिअर समकालीन बाजारातल्या बिअरपेक्षा किती भरदार आहेत, याचे हॅरिसन आणि मंडळींना अप्रूप वाटले. त्या आनंदातूनच पुस्तक झाले.

२९/
दुसऱ्याची काळी बिअर जाणकार कशी चाखतो? आधी पेला उजेडापुढे धरतो. कडेला माणकासारखी लाल झाक दिसते का हे पाहतो. मग वास. कच्च्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कोवळी आहे. लोण्याचा आला तर यीस्टला काम संपवू दिलेले नाही. नेलपॉलिशसारखा झोंबला तर आंबवताना उष्णता फार झाली. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बाटलीत हवा शिरली. त्यानंतर घोट, आणि घोट गिळल्यावरची शांतता. कडू, गोड, खरपूस यांतले शेवटी काय उरते हे त्या शांततेत कळते.

३०/
अशा प्रसंगी आमनेसामने बसलेले दोघेही बिअर करणारे असले की गोष्ट नाजूक होते. समोरच्याने वर्षभर जपलेली बाटली उघडली आहे. ‘छान’ म्हणून वेळ मारून नेणे सोपे. पण लोण्याचा वास आला हे सांगितले नाही, तर पुढची बिअरही तशीच होणार. खोट्या कौतुकाने कृती सुधारत नाही आणि खवचट बोलण्याने माणूस तुटतो. या दोहोंच्या मधली भाषा हौशी मंडळांना घडवावी लागली.

३१/
ती भाषा सर्वांत शिस्तीने घडली अमेरिकेत. तिथे १९२० पासून दारूबंदी होती. १९३३ मध्ये ती उठली, पण घरगुती वाइनला मिळालेली सवलत घरगुती बिअरला मिळाली नाही. ती मिळायला ४५ वर्षे जावी लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विधेयकावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून संघराज्याच्या कायद्याने मोकळीक मिळाली. मर्यादा ठरली: एका प्रौढामागे वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २००.

३२/
१९७८ मध्येच कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी चार्ली पापाझियन आणि चार्ली मॅटझेन यांनी अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन स्थापन केली. १९८५ मध्ये हौशी स्पर्धांसाठी परीक्षक तयार करणारा उपक्रम सुरू झाला. त्याच्या गुणपत्रिकेत ५० पैकी वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकंदर प्रभावाला १० गुण असतात. काळ्या बिअरचा रंग डोळ्यांना कितीही भुलवो, त्याच्या वाट्याला तिनांतलाच हिस्सा येतो.

३३/
या स्पर्धांत परीक्षकाला बिअर कुणाची हे माहीत नसते, आणि करणाऱ्याला केवळ गुण मिळत नाहीत. दोष कुठे आणि तो कसा टाळावा हेही लिहून मिळते. फॅरिंग्टन यांच्या नोंदीत गिऱ्हाइकाचे नाव होते आणि चव नव्हती. या कागदांत नेमके उलटे आहे: नाव झाकलेले आणि चव सविस्तर. उद्याच्या इतिहासकाराला विसाव्या शतकाच्या अखेरची काळी बिअर कशी लागत होती हे शोधायला सम्राज्ञीच्या काळाइतके अंधारात चाचपडावे लागणार नाही.

३४/
हौशी हातांतूनच व्यवसायही उभे राहिले. कॅलिफोर्नियातले केन ग्रॉसमन हे मुळात होमब्रूअर. त्यांच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीत नोव्हेंबर १९८० मध्ये शिजलेली पहिली बिअर स्टाउट होती. पुढे अमेरिकेत इम्पिरियल स्टाउटला बहर आला. इंग्लंडमध्ये मात्र करेजने १९९३ मध्ये आपली रशियन स्टाउट थांबवली. २०११ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती पुन्हा केली. साउथवार्कच्या अँकर ब्रुअरीच्या इमारती त्याआधीच, १९८१ मध्ये पाडल्या गेल्या होत्या. ज्या जागेची ती बिअर, ती जागा उरली नाही.

३५/
महाराष्ट्राशी तुलना करायची तर चित्र निराळे आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्यासाठी का असेना. व्यावसायिक पातळीवर मात्र २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आले आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत अडकून पडलेल्या गोऱ्या शिपायांच्या बोलीत ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला. त्यांच्यातल्या कित्येकांनी पोर्टरची पिंपे पाहिली असतील.

३६/
शेवटचा प्रश्न. स्वयंपाकघरात पुन्हा केलेली ती बिअर म्हणजे सम्राज्ञीचीच बिअर का? नाही. जवाचे वाण बदलले, हौद गेले, लाकडातले यीस्ट तसेच राहिले नाही. हजारो पिंपांच्या हौदात जे घडते ते साडेचार लिटरच्या बरणीत जसेच्या तसे घडत नाही. मग या खटाटोपाचा उपयोग काय? तो पुराव्याची परीक्षा घेण्याचा आहे. इतके हॉप्स पिता येतील का, वर्षभराने उग्रपणा खरेच जातो का, केवळ तपकिरी माल्टवर बिअर होते का, हे वाद वाचून मिटत नाहीत. करून, थांबून आणि दुसऱ्याला चाखायला देऊनच मिटतात.

३७/
फॅरिंग्टन यांनी तो पेला घेतला त्यानंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर १७९६ मध्ये, सम्राज्ञी कॅथरीन मरण पावल्या. लिंडो यांचा शब्द खरा मानला तर त्या बाटल्या १८०३ पर्यंत टिकणार होत्या, म्हणजे ज्यांच्यासाठी ती बिअर झाली त्यांच्यानंतरही सहा-सात वर्षे. ती कशी लागत होती हे फॅरिंग्टन यांनी लिहिले असते, तर साउथॉलच्या मंडळींचा एक प्रश्न तरी कमी झाला असता. जुनी वही हाती लागली तर जपावी. आणि घरात कुणाच्या हातचा जुना पदार्थ अजून होत असेल तर त्याची कृती लिहून घेतानाच तो कसा लागतो, कधी बिघडला म्हणावा आणि कधी जमला म्हणावा, हेही दोन ओळींत लिहून ठेवावे.

(समाप्त)